जन्मभर टिकणारं कपाट आणि माझी संध्याकाळ

मावसभावाचं सांगलीत लोखंडी कपाटांचं दुकान आहे आणि घराण्यात लिहिणारा म्हणून मी एकटाच, म्हणजे लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, एकदा तर हरवलेल्या म्हशीची जाहिरात पण मीच लिहिलीय, त्यामुळं दिवाळी जवळ आली की त्याचा फोन येणार हे ठरलेलं. "भावा, एकच शब्द दे. कपाट जन्मभर टिकतंय, असा. फ्लेक्सवाला सातला बंद करतोय." म्हटलं एकच शब्द तर आहे, चहा पिऊन देऊन येऊ.

"टिकाऊ" म्हणालो.

"सगळे तेच लिहित्यात. आणि गेल्या वर्षी फ्लेक्सवाल्यानं टि चा टा केलाय. आख्खी दिवाळी टाकाऊ कपाटं विकलोय मी."

मग ठेवणीतले काढले. आजीवन म्हणालो तर म्हणे ते कारावासाला लावत्यात. आमरण उपोषणाला. अजरामर म्हटलं की हुतात्मा स्मारक आठवतंय, शाश्वत म्हणजे सरकारी योजनेचा बोर्ड, आणि चिर म्हटलं की पुढं निद्रा नाहीतर विश्रांतीच येती, दिवाळीत कोण घेणार? अखंड मला बरा वाटला होता, पण अखंड हरिनाम सप्ताह सात दिवसात उठतोय हे त्यानंच दाखवून दिलं. आपल्या भाषेत जन्मभर पुरणारी वस्तू एकतर तुरुंगात असते नाहीतर तिरडीवर, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

चिरंजीव सुचवला तर म्हणाला, "अश्वत्थामा पण चिरंजीवच की. कपाळावर जखम घेऊन तेल मागत फिरायलाय. आमच्या बिजागऱ्यांना पण तेलच लागतंय, नको."

शेवटी मी आचंद्रार्क काढला. जुन्या दानाच्या शिलालेखावर वरती चंद्र-सूर्य कोरलेले असतात, हे दोघं आकाशात आहेत तोवर हे दान चालू, असा अर्थ. आणि कुणी ते मोडलं तर त्याच्यासाठी खाली गाढवाचं चित्र काढून शिवी, गधेगाळ म्हणतात तिला. "चंद्र-सूर्य ऱ्हाऊदे," तो म्हणाला, "गाढव पाहिजे. हप्ते बुडवणारे चिक्कार हायत."

साडेसहा वाजत आले तसा तो वैतागून म्हणाला, "लाइफटाइमच टाकतो जा." ह्यावर मात्र मी भडकलो. गाडीला आपण लाइफटाइम टॅक्स भरतो आणि आरसी पंधरा वर्षांत संपती. 2006 च्या सुमाराला मी लाइफटाइम सिमकार्ड घेतलं होतं, नऊशे नव्व्याण्णव रुपये मोजून, त्यावेळी ती रक्कम मला जड गेली होती, तर नंतर कळलं की ते लाइफ माझं नव्हे, कंपनीच्या लायसन्सचं. पुढं कंपनीच गेली. मी हाय अजून.

तेवढ्यात मावशी भडंगाची प्लेट घेऊन आली. तिला म्हटलं, मावशी, तुझ्या लग्नातलं कपाट अजून आहे ना गावभागातल्या घरी? आहे म्हणजे काय, मी लहानपणापासून बघतोय ते. हिरवं. डावं दार लागत नाही, खालून गुडघ्यानं उचलून लावायचं, मग आतली बांगडीची डबी खडखडती. आणि त्याच्या अंगावर गंजाच्या दोन रेघा आहेत. खालची 2005 च्या पुराची, वरची 2019 च्या. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी पहिल्यांदा 53 फुटांच्या वर गेलं आणि दुसऱ्यांदा 57 च्या, तेच साडेतीन-चार फुटांचं अंतर मावशीच्या कपाटावर टेप लावून मोजून घ्या. वरची रेघ आरशाच्या मधनं जाती, त्यामुळं आरशात बघितलं की माणूस गळ्यापर्यंत पाण्यात.

"जन्मभर न्हवं तर काय," मावशी म्हणाली, "ह्यांच्याबरोबरच आलंय ते. दोघं करकर करत्यात, पण चालत्यात."

काका गल्ल्यावर पेपर वाचत होते. पान उलटलं फक्त.

मी उडालोच. म्हटलं हेच टाक, 'दोन पूर बघितलेलं कपाट!' ह्याच्यापुढं कसला शब्द पाहिजे!

भाऊ माझ्याकडं बघतच राहिला. "मर्दा, सांगलीत असं लिहिलं तर गिऱ्हाईक काय म्हणंल? पुरातला माल काढायलाय म्हणंल. निम्म्या किमतीत मागंल."

सातला पाच कमी असताना त्यानं स्वतःच फ्लेक्सवाल्याला व्हॉइस मेसेज टाकला: बावीस गेज पत्रा, आत चोरकप्पा, घरपोच मोफत. बास. माझा एक पण शब्द नाही. वर मला विचारतोय, "चहा झाला न्हवं तुझा?"

मी चपला घालत होतो तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, साठीचे असतील, कपाटाच्या दारावर टकटक करून बघितलं, कुलूप फिरवून बघितलं आणि काकांना विचारलं, "किती वर्षं टिकंल हो?"

काकांनी पेपर खाली न घेता विचारलं, "तुमचं वय किती?"