कुलूप दिसलं की साइट खरी? अजिबात नाही

सांगली मार्केट यार्डातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'पत्त्याशेजारी कुलूप असेल तर बिनधास्त पैसे भरा. सर्टिफिकेट सरकार तपासून देतं. मुदत संपल्याचा इशारा आला तर साइट हॅक झाली समजा.'

यातलं पहिलं वाक्य सगळ्यात महागात पडेल. तुमचा फोन आणि ती साइट यांच्यातलं बोलणं वाटेत कुणाला वाचता येत नाही, एवढीच कुलपाची हमी. पलीकडे कोण बसलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कुलपासाठी साइटला सर्टिफिकेट, म्हणजे पत्त्याचा डिजिटल दाखला, लागतो. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था 2015 पासून तो फुकट देते. तो पत्ता सर्टिफिकेट मागणाऱ्याच्याच ताब्यात आहे ना, एवढं यंत्र तपासतं आणि काही मिनिटांत काम होतं. भामट्याचंही होतं. लोक कुलपाचा भलता अर्थ लावतात म्हणून क्रोमने 2023 मध्ये ते चिन्हच काढलं. मेसेजवाल्याला त्याचा पत्ता नसावा.

त्यापेक्षा पत्ता वाचा, तोही उजवीकडून. समजा 'महाडीबीटी डॉट गव्ह डॉट इन डॉट ठिबक-अनुदान डॉट टॉप' अशी लिंक आली. तासगावचा बागायतदार सुरुवातीचं 'गव्ह' बघून आधार नंबर टाकून मोकळा होईल. पण (सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'नंतरच्या दोन सोडून) पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचे शेवटचे दोन तुकडे बघायचे (शेवटी 'को डॉट इन', 'गव्ह डॉट इन' किंवा 'बँक डॉट इन' असेल तर तीन): 'ठिबक-अनुदान डॉट टॉप'. मालक तो. त्याच्या डावीकडचं सगळं त्याने मर्जीने चिकटवलेलं, आणि सर्टिफिकेट मात्र शंभर टक्के वैध!

सरकार तपासतं? बहुतेक सर्टिफिकेटं खासगी संस्था देतात; त्यांतल्या कुणावर विश्वास ठेवायचा ते ब्राउझर आणि फोन बनवणारे ठरवतात. सरकारी शिक्क्याचं म्हणाल, तर 2014 मध्ये आपल्याच एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या यंत्रणेतून गूगलच्या पत्त्यांची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाली होती.

मुदत संपणं म्हणजे बहुधा नूतनीकरण राहिलेलं, नाहीतर तुमच्या फोनची तारीख चुकलेली. आधी तारीख बघा. तरी इशारा जाईना, तर पासवर्ड-ओटीपी टाकू नका, बस्स. सर्टिफिकेटवरचं नाव पत्त्याशी जुळत नसल्याचा इशारा त्याहून वाईट. तिथून सरळ मागे फिरा.

बँकेचं काम असेल तर एक सोपी खूण आहे. रिझर्व्ह बँकेने 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत सगळ्या बँकांना, जिल्हा आणि नागरी सहकारी बँकांनाही, 'डॉट बँक डॉट इन'वर यायला सांगितलं होतं. हा पत्ता बँकेशिवाय कुणाला मिळत नाही. पासबुक घेऊन शाखेत जाल तेव्हा आपल्या बँकेचा नेमका पत्ता विचारून घ्या.