काळा कातळ, गाळाचे खडक आणि दरडी : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

सह्याद्रीत कुठे दरड कोसळली की नागपुरातील व्हॉट्सअ‍ॅप समूहांवर एक संदेश नव्याने फिरू लागतो. त्याचा आशय असा : दरडी कोसळतात त्या हिमालयात, कारण तो गाळाच्या मऊ खडकांचा बनलेला आहे, महाराष्ट्र एकसंध काळ्या कातळावर उभा आहे आणि हा कातळ झिजत नाही, सह्याद्रीत जे घडते ते केवळ माणसाच्या खोदकामामुळे, डोंगरावर झाडे लावली की प्रश्न मिटला, आणि नागपूर सपाटीवर असल्यामुळे नागपूरकरांनी याचा विचारही करण्याचे कारण नाही. संदेशात शाळेच्या भूगोलातले शब्द असल्यामुळे तो सहज पटतो, आणि भूशास्त्र नव्याने शिकणारे विद्यार्थीही तो गृहीत धरून बसतात. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांचा जीव या समजुतींशी बांधलेला असल्याने यातील एकेक विधान तपासून पाहणे मला अत्यावश्यक वाटते.

गाळाचे खडक म्हणजे वाळलेला चिखल, ही समजूत खोडून काढायला नागपूरकराला फार लांब जावे लागत नाही. कामठी आणि सिलेवाडा परिसरातील वालुकाश्म हा गाळाचाच खडक आहे आणि तो बांधकामासाठी पूर्वापार काढला गेला आहे. त्याचा तुकडा हातात घेतला तर वाळूचे कण बोटांना खरखरीत लागतात, पण नखाने ते सुटत नाहीत. कारण वरच्या थरांच्या भाराने गाळ दाबला गेला, आणि कणांमधून झिरपणाऱ्या पाण्यातील लोहासारख्या द्रव्यांनी ते कण एकमेकांशी सांधले. याच खडकांत ग्लोसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीच्या पानांचे ठसे सापडतात. त्यांचे वय सुमारे २५ कोटी वर्षे, तर आपल्या काळ्या कातळाचे, म्हणजे बेसाल्टचे, सुमारे ६.६ कोटी वर्षे. पंकाश्मासारखे, म्हणजे चिखल दाबला जाऊन बनलेले, काही गाळाचे खडक उघड्यावर खरोखर ठिसूळ असतात, हे मान्य. पण सगळ्या वर्गाला एकच विशेषण लावता येत नाही.

कातळ झिजत नाही, हे विधान तर संपूर्ण संदेशातील सर्वांत चुकीचे विधान आहे. ज्या काळ्या मातीत विदर्भाचा कापूस पिकतो ती मातीच मुख्यतः बेसाल्टच्या विदारणातून, म्हणजे हवापाण्याने खडक जागच्या जागी कुजण्यातून, तयार झालेली आहे. काटोल किंवा हिंगणा भागात नवी विहीर खणली जात असताना तिची बाजू पाहावी. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर तपकिरी मुरूम, मुरमात रुतलेले गोलसर धोंडे, आणि त्याहून खाली अखंड खडक, असा क्रम अनेक ठिकाणी स्पष्ट दिसतो. त्या धोंड्यांपैकी एखादा फोडून पाहिला तर त्याचे तांबूस पापुद्रे एकावर एक सुटत जातात आणि शेवटी मध्ये मुठीएवढा काळा गाभा उरतो, जो हातोडीच्या घावाला खणखणतो. पावसाच्या पाण्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड मिसळून ते किंचित आम्लधर्मी होते, भेगांतून आत शिरते, फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन या खनिजांचे चिकणमातीत रूपांतर करते आणि त्यांतील लोहाला गंज चढवते. कोपऱ्यांवर पाण्याचा हल्ला अनेक बाजूंनी होत असल्याने ते आधी झिजतात, म्हणून धोंडा गोल होतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गोल्डिच या भूशास्त्रज्ञाने १९३८ साली दाखवून दिले की तप्त शिलारसातून जी खनिजे आधी, म्हणजे अधिक तापमानाला घट्ट होतात, ती पृष्ठभागावर आल्यावर लवकर कुजतात. ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन आधी, क्वार्ट्झ सर्वांत शेवटी. बेसाल्ट हा बहुतांशी या लवकर कुजणाऱ्या खनिजांचा आहे. उलट कामठीच्या वालुकाश्मातील क्वार्ट्झचे कण एकदा विदारणाच्या चाळणीतून पार पडलेलेच आहेत. त्यामुळे उष्ण आणि दमट हवेत, रासायनिक विदारणापुरते बोलायचे तर, ‘कणखर’ म्हणून मिरवला जाणारा कातळ ‘मऊ’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या वालुकाश्माआधी माती होतो.

हा कातळ एकसंधही नाही. लाव्हारस एकदाच पसरला नाही. तो टप्प्याटप्प्याने आला, आणि दोन प्रवाहांमध्ये कधी कधी इतका काळ गेला की मधल्या पृष्ठभागावर माती तयार झाली, तळी साचली, त्यांत गोगलगायी राहिल्या, काठाला वनस्पती वाढल्या. याचा पुरावा नागपुरातच आहे. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी १८५५ साली नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर जो निबंध प्रसिद्ध केला त्यात टाकळी येथील अशाच गाळाच्या थरांतील गोड्या पाण्यातील जीवाश्मांचे वर्णन आहे. म्हणजे अग्निजन्य कातळाच्या पोटातही गाळाचे खडक आहेत. सह्याद्रीत अनेक प्रवाहांच्या मध्ये लाल मातीसारखे मऊ थर आढळतात. वरच्या भेगाळ बेसाल्टमधून उतरलेले पाणी अशा थरावर अडते, आडवे वाहू लागते आणि डोंगराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर पडते. वरचा मुरूम आणि माती फुगवण्याचे काम हेच पाणी करते.

आता प्रत्यक्ष घटनांकडे पाहू. आंबेगाव तालुक्यातील माळीण (३० जुलै २०१४, दीडशेहून अधिक मृत्यू), महाड तालुक्यातील तळिये (२२ जुलै २०२१, ८०हून अधिक मृत्यू) आणि खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३, शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह सापडले होते आणि ५७ जण बेपत्ता होते), ही तिन्ही गावे बेसाल्टच्याच प्रदेशातील आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अंदाजाप्रमाणे देशातील सुमारे ४.२ लाख चौरस किलोमीटर भूभाग भूस्खलनप्रवण आहे आणि त्यातील सुमारे ९० हजार चौरस किलोमीटर पश्चिम घाट व कोकणातील डोंगरांत येतो. या संस्थेचे मध्य विभागीय कार्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे; संदेश पुढे पाठवण्यापूर्वी तिच्या नकाशांकडे एकदा पाहिले तरी पुरे. हिमालयही निव्वळ गाळाचा नाही. त्याच्या उंच रांगांत नीस आणि शिस्ट हे रूपांतरित, म्हणजे उष्णतेने व दाबाने बदललेले, खडक आणि ग्रॅनाइट भरपूर आहेत, आणि केदारनाथ अशाच खडकांच्या प्रदेशात वसले आहे. ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमध्ये अख्ख्या वस्त्या वाहून गेल्या, तो प्रदेशही मुख्यतः रूपांतरित खडकांचा.

गाळाच्या खडकांतून दरडी येत नाहीत, असे मी मुळीच म्हणत नाही. इटलीत ९ ऑक्टोबर १९६३ रोजी व्हायोंट धरणाच्या जलाशयात डोंगराची आख्खी कूस घसरली आणि उसळलेल्या लाटेने सुमारे २,००० माणसे गेली; तेथे चुनखडकाचे थर दरीच्या दिशेने कललेले होते आणि त्यांच्यामध्ये चिकणमातीचे पातळ पदर होते. हेच थर डोंगराच्या आत कललेले असते तर चित्र वेगळे दिसले असते. खडकाचा वर्ग कोणता यापेक्षा थरांचा आणि भेगांचा कल, विदारणाची खोली, उताराचा तीव्रपणा आणि आत साठलेले पाणी यांना अधिक महत्त्व आहे.

खोदकामाचा मुद्दा अर्धा खरा आहे. रस्त्यासाठी उताराचा पायथा कापला की वरच्या भाराचा आधार जातो, हे निर्विवाद. परंतु इर्शाळवाडीपर्यंत गाडीरस्ताच नव्हता. मदतपथकांना पावसात चिखलाची वाट चढून जावे लागले. तेथील दरड रस्त्याच्या माथी मारता येत नाही.

झाडांबद्दलचा दावा पाण्याच्या कार्याविषयीच्या गैरसमजातून येतो. पाणी वंगणासारखे काम करते असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात मातीचे कण एकमेकांवर दाबले गेलेले असतात, आणि त्या दाबामुळे निर्माण होणारे घर्षण उतार धरून ठेवते. कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ते पाणी भाराचा काही हिस्सा स्वतः पेलते, कणांवरचा दाब घटतो, घर्षण घटते आणि उतार सुटतो. कार्ल टेर्झागी यांनी १९२०च्या दशकात मांडलेले हे तत्त्व मृदायांत्रिकीचा, म्हणजे भाराखाली माती कशी वागते याच्या शास्त्राचा, पाया आहे. झाडांची मुळे वरचा मीटर-दोन मीटर थर बांधून ठेवतात आणि जमिनीतील पाणी काही प्रमाणात ओढून घेतात. उथळ दरडी रोखण्यासाठी हा आधार मोलाचा आहे आणि तो तोडणे घातकच. परंतु घसरण्याची पातळी मुळांच्या खाली असेल तर झाडांसकट उतार खाली येतो. तेथे पाण्याला बाहेर वाट काढून देणे हाच मुख्य उपाय असतो.

राहिला नागपूरचा प्रश्न. शहराला नैसर्गिक दरडींचा धोका नगण्य आहे, एवढे त्या संदेशाचे खरे. मात्र शहराभोवती गिट्टीच्या खदानी आहेत, उमरेड आणि कामठी येथे कोळशाच्या खुल्या खाणी आहेत, आणि खाणीतून काढलेल्या दगडमातीचे ढिगारे हे माणसाने रचलेले डोंगरच आहेत. या ढिगाऱ्यांत येणारा पंकाश्म जमिनीखाली असताना घट्ट असतो. उघड्यावर आला की काही पावसाळ्यांत ओला-कोरडा होत त्याचा चुरा होतो, आणि मग तोच ढिगाऱ्यात पाणी अडवून धरतो. वेल्समधील अबरफानला २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळसा खाणीचा असाच एक ढिगारा शाळेवर घसरला. १४४ जण मेले, त्यांत ११६ मुले होती. तो ढिगारा झऱ्यांवर रचलेला होता. म्हणून खदानीच्या किंवा ढिगाऱ्याच्या माथ्यावर काठाला समांतर भेग दिसली, पायथ्यातून गढूळ पाणी येऊ लागले किंवा खांब कलू लागले, तर ती भेग मुरूम टाकून बुजवू नये. पायथ्याशी काम करणाऱ्या मजुरांना आधी तेथून हलवावे आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून त्यांच्यातील अंतर रोज मोजावे. ते वाढत असेल तर उतार सरकू लागला आहे.