संघर्ष वाचला, यंत्राचं काय?

ऐकू येईनासं झाल्यावर नोकरी गेली आणि त्यातूनच श्रवणयंत्रांची कंपनी उभी राहिली, ही तुमच्या लेखातल्या उद्योजकाची कहाणी भावली. पण अर्धा लेख हालअपेष्टांत गेला आणि यंत्र दोन ओळींत आटोपलं, हे काही पटलं नाही. मी स्वतः यंत्र वापरतो. नुसता आवाज वाढवणं सोपं. गोंगाटातून समोरच्याचं बोलणं वेगळं काढताना खरा कस लागतो. आणि ती इवलीशी, हवेतल्या ऑक्सिजनवर चालणारी झिंक-एअर बॅटरी! स्टिकर सोलायचा, मिनिटभर हवा लागू द्यायची, मग थरथरत्या बोटांनी कप्प्यात बसवायची. हे भोगलेला माणूसच कप्पा नीट बनवेल.

असं आधीही घडलंय. अमेरिकेत १९६४ मध्ये रॉबर्ट वाइटब्रेक्ट या कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञाने साध्या टेलिफोनवरून टंकलेला मजकूर पाठवायची सोय केली. जोडीदार जेम्स मार्स्टर्स, हे दंतवैद्यही कर्णबधिरच. पुढे कंपनी काढली, मोडीत निघालेले टेलिप्रिंटर, म्हणजे तारेवरून आलेला मजकूर टंकणारी यंत्रं, कामाला लावले.

बाकी, लेखातल्या कंपनीकडे यंत्र दुरुस्तीला टाकलं तर तोवर वापरायला दुसरं देतात का? तेवढं विचारून लिहा.