फोन बंद करून वैश्विक किरण टळत नाहीत

"आज रात्री साडेबारा ते साडेतीन वैश्विक किरण पृथ्वीच्या जवळून जाणार आहेत. मोबाईल बंद करून अंगापासून लांब ठेवा. सिंगापूर टीव्हीने जाहीर केलंय. गुगल, नासा, बीबीसीवर तपासा. आपल्या माणसांना पाठवा."

परवा आत्यानं हा मेसेज घरच्या ग्रुपवर टाकला. कित्येक वर्षं तो फिरतोय. त्यातली 'आज रात्र' काही संपत नाही.

आधी किरणांचं बघू. हे अंतराळातून येणारे अतिवेगवान कण. ते जवळून जात नाहीत, सतत येऊन आदळतच असतात. व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये फुग्यातून वर जाऊन ते शोधले. हवेत वरच त्यांच्यापासून म्युऑन नावाचे कण तयार होतात आणि आपल्या तळहातातून सेकंदाला साधारण एक म्युऑन आरपार जातो. दिवसाही, रात्रीही, स्लॅबखाली बसलात तरीही. १९६५ मध्ये टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना न्यूट्रिनो नावाच्या, जवळजवळ कशालाच न अडणाऱ्या कणांच्या प्रयोगासाठी या म्युऑनपासून आडोसा हवा होता, तर कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल जावं लागलं. आत्यानं फोन फ्रिजवर ठेवून भागवलं! फोन चालू असला म्हणून हे किरण ओढले जात नाहीत, बंद केला म्हणून वाट वाकडी करत नाहीत.

आता "साडेबारा ते साडेतीन". नेमकी वेळ दिली की थाप पण खरी वाटते. पण साडेबारा कुठले? सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे. तिथे साडेबारा होतात तेव्हा इथे दहाच वाजलेले असतात. तारीख मात्र टाकलेली नाही, कारण टाकली असती तर मेसेज दुसऱ्याच दिवशी शिळा झाला असता.

"नासा, बीबीसीवर तपासा" ही सगळ्यात बेरकी ओळ. लिंक नाही, नुसती नावं उसनी घेतलीत. तपासा म्हणणारा खोटं कशाला बोलेल, असं वाटतं आणि कुणीच तपासत नाही.

"आपल्या माणसांना पाठवा" म्हणजे नाही पाठवलं तर तुम्हाला कुणाची काळजीच नाही.

यावर आत्याचं नेहमीचं उत्तर: "खोटं असलं तर असू दे. एक रात्र फोन बंद ठेवला तर काय बिघडतं?"

तिच्याकडे नळाला पाणी पहाटे पाच ते सहा. गजर त्याच फोनमध्ये. सात वाजता दोन रिकाम्या कळशा घेऊन ती आमच्या दारात उभी होती.