तांदळाच्या डब्यातला मोबाइल

परवा इंदूरच्या लोकमान्य नगरला ताईकडे गेले होते. भात लावायला म्हणून तांदळाचा डबा उघडला, तर तांदळात खुपसून ठेवलेला भाच्याचा मोबाइल. मला वाटलं पाण्यात पडला असेल, सुकायला ठेवलाय. ताई हळूच म्हणाली, "नाही गं, मीच लपवलाय." आणि तिने स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेला, आधीच हजार ठिकाणी फिरून आलेला एक लांबलचक मेसेज: 'पालकांनो, वेळीच जागे व्हा!'

त्याचं सार असं. किशोरवयातलं मूल बिघडतं ते शंभर टक्के संगतीमुळे. तेव्हा मित्र तोडा आणि मोबाइल रोज गुपचूप तपासा. मूल गप्प बसलं, रडलं तर लक्ष देऊ नका, नैराश्य हे परदेशी चोचले आहेत. मरणाची भाषा केली तर विषय बदला, विचारलंत तर ते खूळ डोक्यात पक्कं बसेल. दोन फटके हे सगळ्यात स्वस्त औषध. आणि शेवटी नेहमीचं: एकत्र कुटुंबात असलं काही नव्हतं.

ताईने रात्री हा मेसेज वाचला आणि सकाळी भाच्याच्या जिवलग मित्राच्या आईला फोन करून सांगितलं, "तुमच्या मुलाला आमच्याकडे पाठवू नका." भाचा पंधरा वर्षांचा, दहावीत. चार दिवस कोचिंगला न जाता तो त्या मित्राच्या गच्चीवर बसून होता, एवढाच गुन्हा. का बसला होता, हे घरात कुणी विचारलं नव्हतं.

संगतीचा परिणाम होतो का? होतो, तेवढं मला मान्य करावंच लागेल. अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठाच्या मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. 306 जणांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. पिवळा दिवा लागला की थांबायचं की अजून थोडी पुढे काढायची, हे ज्याचं त्याने ठरवायचं. काही जण एकटे खेळले, काहींच्या शेजारी त्यांच्याच वयाचे दोघे. 13 ते 16 वयाच्या मुलांनी सोबत्यांदेखत जवळजवळ दुप्पट धोका पत्करला. 24 च्या पुढच्यांना कुणी शेजारी असल्या-नसल्याने फरक पडला नाही. पण ते शेजारी बसलेले दोघे काही 'वाया गेलेले' नव्हते, नुसते समवयस्क होते. म्हणजे यातून शिकायचं ते एवढंच, की लायसन्स नसलेल्या पोराला गाडीची किल्ली देऊ नका आणि रात्री तिघांना एका गाडीवर सुपर कॉरिडॉरच्या रुंद रस्त्यावर जाऊ देऊ नका. मैत्रीच तोडा, हे त्यातून कुठून आलं? आणि 'शंभर टक्के' तर मुळीच नाही. मूल ज्या अवस्थेत असतं, तसेच सोबती ते शोधतं. घरात रोज भांडणं ऐकणारं पोर जिथे शांतता मिळेल तिथे जाऊन बसणारच.

आता त्या पाळतीबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान तो सल्ला करतोय. 'मुलाची बित्तंबातमी ठेवा' हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. ज्या आईवडिलांना मूल कुठे जातं, कुणाबरोबर असतं हे ठाऊक असतं, त्यांची मुलं कमी वाट चुकतात, हे अभ्यासकही बरीच वर्षं सांगत होते. त्याचा अर्थ सगळ्यांनी लावला, की नजर ठेवल्याचा फायदा होतो. स्वीडनच्या हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट कर यांनी मग साधा प्रश्न विचारला: आईवडिलांना हे कळतं तरी कसं? 14 वर्षांची 703 मुलं आणि त्यांचे पालक यांच्याकडून त्यांनी माहिती घेतली. मूल आपणहून सांगतं, की पालक खोदून विचारतात, की परवानग्या आणि बंधनं घालून माहिती काढतात? 2000 साली छापून आलेलं उत्तर असं, की पालकांना जे ठाऊक असतं त्यातलं बरंचसं मुलाने आपणहून सांगितलेलं असतं. चुकीच्या वाटेला न जाण्याशी खरं नातं निघालं ते या सांगण्याचं. घरातल्या नियमांचा फायदा दिसला, पण 'माझ्यावर सारखा पहारा आहे' ही मुलाची भावना हिशोबातून वेगळी काढल्यावरच. ती भावना मात्र वाईटाशीच जोडलेली होती.

ताईला हे सांगितलं तर म्हणाली, "स्वीडन कुठे आणि इंदूर कुठे!" बरोबर, तिथली घरं वेगळी. मी तिला एवढंच विचारलं, "तुझा मुलगा कोचिंगला गेला नाही, हे तुला त्याच्या मोबाइलमधून कळलं का?" नव्हतं कळलं. मोबाइल तिच्याच हातात होता, मेसेज सगळे वाचून झाले होते, आणि कारण तिला अजून माहीत नव्हतं. पासवर्ड तोडून मुलाचे मेसेज वाचता येतात, पण मुलाने तोंड उघडलं तरच खरं काय ते कळतं. आणि ज्या दिवशी मूल घरात सांगायचं बंद करतं, त्या दिवसापासून त्याच्यासाठी मित्राचा शब्द हाच शेवटचा शब्द होतो. म्हणजे ज्या संगतीची भीती घातली आहे, तिच्याच हाती हा सल्ला मूल सोपवतो.

त्या दिवशी जेवण झाल्यावर भाचा माझ्या शेजारी ओट्यावर येऊन बसला. पायातली चप्पल काढायची, घालायची, पुन्हा काढायची, असं बराच वेळ चाललं होतं. मी काही विचारलं नाही. मग म्हणाला, "मावशी, सरांनी टेस्टचे नंबर सगळ्यांसमोर वाचले. माझे सगळ्यात कमी." तोच मित्र त्याला रोज म्हणत होता, चल, मी येतो तुझ्याबरोबर कोचिंगला. ताईने तोडली ती ही संगत.

मरणाच्या भाषेवर विषय बदला, हे वाचून मात्र माझे हात थरथरले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 या एका वर्षात आपल्या देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. विचारल्याने खूळ बसतं का, हे न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांत तपासलं गेलं आहे, 2,342 विद्यार्थ्यांवर. काहींना थेट आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारलं, काहींना नाही. दोन दिवसांनी पाहिलं तर विचारलेली मुलं जास्त अस्वस्थ नव्हती. ज्यांना आधीच नैराश्य होतं, ती तर काहीशी हलकी झालेली दिसली. तेव्हा 'जगावंसं वाटत नाही' असं पोर म्हणालं तर विषय बदलू नका. जवळ बसा, सरळ विचारा, एकटं सोडू नका, डॉक्टरकडे न्या. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी नंबर आहे, फुकट आणि रात्रंदिवस चालू.

नैराश्य परदेशी नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने केलेल्या 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत 13 ते 17 वयाच्या 7.3 टक्के मुलांना मानसिक आजार आढळला, आणि ही मुलं आपल्याच देशातली आहेत. फटक्यांबद्दल एवढंच, की मार खाल्लेलं मूल पुढच्या वेळी खोटं बोलायला शिकतं, हे आपल्यापैकी ज्यांनी मार खाल्ला त्यांना सांगायला नको.

एकत्र कुटुंबाचं म्हणाल तर त्यात अर्धं खरं आहे. आईशी बिनसलं तर आजीजवळ जाऊन झोपता यायचं, आत्याला गुपित सांगता यायचं. पण 'काही नव्हतं' हे खरं नाही. आमच्या रामबागेच्या वाड्यातही एक चुलतभाऊ महिनोन् महिने कुणाशी बोलत नसे, आणि त्याला सगळे 'घुम्या' म्हणत. त्याला काय होत होतं, हे त्या अकरा माणसांच्या घरात एकानेही विचारलं नाही.

ताईने मोबाइल डब्यातून काढला. मित्राच्या आईकडे ती स्वतः जाऊन आली. भाचा सोमवारपासून त्या मित्राबरोबर कोचिंगला जातोय. ज्या काकांनी ग्रुपवर तो मेसेज टाकला, त्यांना मी फोन केला. ते म्हणाले, "अगं, चांगल्या हेतूनेच टाकला." त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मेसेज मात्र ग्रुपवर अजून तसाच आहे, आणि आमच्या त्या ग्रुपमध्ये दहावी-बारावीतली मुलं असलेली आणखी सहा घरं आहेत.