रिंगा बसतात, ऑइल पंप बसत नाही

महिन्याभरात हा मेसेज मला चार जणांनी पाठवला: ‘जुन्या गाडीचं इंजिन नवीन बांधलं की सकाळी ऑइल प्रेशर उशिरा येणारच. घाबरू नका, हजार किलोमीटर चालवा, आपोआप सेट होतं. घाई असेल तर जाड ऑइल टाका, सुरू होताच रेस द्या, आणि गेजकडे बघूच नका.’ खाली हात जोडलेले.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो. वडिलांची १९८४ ची ॲम्बॅसेडर घरी आहे. १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, मुळात ब्रिटनच्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी). मागच्या दिवाळीनंतर ते पूर्ण बांधून घेतलं: सिलिंडरचं बोअर, क्रँकचं (पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) ग्राइंडिंग, नवीन बेअरिंगा. आणि रोज सकाळी सुरू केल्यावर ऑइल प्रेशरच्या गेजचा काटा शून्यावर. मी मोजत बसायचो, नऊ, दहा, अकरा सेकंद. खाली लोखंडाचा कोरडा खडखडाट. त्यामुळे हा मेसेज वाचून गप्प बसवलं नाही.

‘उशीर होणारच.’ पहिल्या सेल्फला, हो. पंप, फिल्टर, नळ्या सगळ्या रिकाम्या असतात. पण म्हणूनच पहिल्यांदा गाडी सरळ सुरू करायची नसते. प्लग काढायचे, कॉइलची वायर सोडायची आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारत, मध्ये स्टार्टरला विसावा देत, काटा उचलेपर्यंत थांबायचं. प्लग नसल्यामुळे कॉम्प्रेशन नाही, मग बेअरिंगवर भार जवळपास नाहीच. पंप बसवताना त्यात व्हॅसलीन भरलं तर तो लगेच ओढ धरतो. ते ऑइलमध्ये विरघळून जातं. ग्रीस भरू नका, त्याचे गोळे राहतात. (आमच्याकडे मे महिन्यात व्हॅसलीनची डबी शेल्फवरच पातळ होते, त्यामुळे हे काम सकाळी उरका.) हे एकदाच करायचं. रोज सकाळी तोच उशीर होत असेल तर त्याचा इंजिन नवीन असण्याशी संबंध नाही.

‘चालवा, सेट होतं.’ सगळ्यात घातक वाक्य हे. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला घासून बसतात, हे खरं. ऑइल पंपाच्या रोटरमधली फट मात्र चालवून कमी होत नाही, वाढतेच. बेअरिंगचंही तेच. क्रँक आणि बेअरिंगमधली जागा दीड-दोन थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). त्यात ऑइल असेल तर धातू धातूला लागत नाही, नसेल तर रोजचे ते दहा सेकंद घासण्यातच जातात.

वाट बघण्यापेक्षा घड्याळ लावा. मी एका वहीत लिहिलं. गाडी बंद करून दहा मिनिटांनी सुरू केली: काटा लगेच वर. रात्रभर उभी ठेवून: अकरा सेकंद. लग्नाला बाहेरगावी गेलो, तीन दिवसांनी: सतरा. उभी राहण्याची वेळ वाढली की उशीर वाढतो, म्हणजे ऑइल कुठून तरी खाली उतरतं. दहा मिनिटांनंतरही तेवढाच उशीर झाला असता तर संशय पंपावर, किंवा इंजिनाखालच्या ऑइल चेंबरमधल्या, पंप ज्यातून ऑइल ओढतो त्या जाळीच्या जोडावर. त्या जोडाचं पॅकिंग फाटलं तर बाहेर थेंबही गळत नाही, पंप ऑइलसोबत हवा ओढतो आणि काटा थरथरतो.

माझा काटा थरथरत नव्हता. एका सकाळी सेल्फ मारण्याआधीच फिल्टर खोलला. आदल्या संध्याकाळी भरलेला डबा, हातात हलका लागला. त्यातून तळहातभर ऑइल निघालं, बस. जुन्या फिल्टरची वाटी फुटली म्हणून मिस्त्रीने जुळवणी करून डब्याचा फिल्टर लावला होता, तोही तोंड खाली करून. असा फिल्टर लावायचा तर आत ऑइल मागे परतू न देणारा रबरी पडदा लागतोच. स्वस्तातल्या त्या फिल्टरच्या भोकांतून सुतळी घालून पाहिली, ती अडली नाही. पडदाच नव्हता.

‘जाड ऑइल टाका.’ जाड ऑइल जाळीतून ओढायला पंपाला उलट जास्त वेळ लागतो. काटा उंच दिसतो, तो प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्यामुळे. आणि थंडीने ऑइल घट्ट होतं म्हणावं, तर २०डब्ल्यू-५० या ऑइलच्या दर्जातला ‘२०डब्ल्यू’ हा थंडीचा आकडा उणे १५ अंशांवरच्या चाचणीतून येतो. आमची थंडी फार तर आठ-दहा अंशांची. तिच्यावर खापर कसं फोडणार?

‘रेस द्या.’ वेग दुप्पट केला की पंप दुप्पट फिरतो, पण पिस्टन-रॉडचे झटके चौपट होतात, तेही कोरड्या बेअरिंगवर.

गेजचा मुद्दा मात्र मी थोडा मानतो. बारीक नळीत हवा किंवा कचरा अडकला तर काटा उशिरा उचलतो. पण मग गेज सोडून द्यायचं नाही, ब्लॉकवर दुसरं गेज थेट लावून ताडून पाहायचं. मी पाहिलं. माझ्या अकरापैकी एक सेकंद नळीचा निघाला, उरलेले दहा खरे.

पडदा असलेला फिल्टर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन सेकंदांत काटा वर. मिस्त्रीला दाखवायला गाडी घेऊन गेलो. त्याने बॉनेट न उघडताच कान लावून ऐकलं आणि शेजारच्या पोट्ट्याला म्हणाला, “पाहा, म्या सांगतलं होतं ना भाऊले, इंजिन बसून जाते म्हून!”