फ्लूच्या लशीनंतर ताप आला तर 'लशीचाच असेल' म्हणून घरी बसू नका

माझी मावशी परवा हॉस्पिटलमधून घरी आली. चार दिवस ऑक्सिजनवर होती. फ्लूची लस घेऊन नऊ दिवस झाले होते तेव्हा तिला ताप चढला, खोकला सुरू झाला, अंग ठणकायला लागलं, आणि ती तीन दिवस कुणाला न सांगता घरी पडून राहिली, कारण आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरत होता आणि तिने तो खरा मानला.

मेसेज साधारण असा: फ्लूच्या लशीत फ्लूचाच जिवंत विषाणू असतो म्हणून लस घेतली की फ्लू होतोच. तो ताप म्हणजे शरीर लशीतलं विष बाहेर टाकतंय, तेव्हा औषध घेऊ नका, डॉक्टरकडे जाऊ नका, आठवड्यात आपोआप जातो. लस घेतलेल्या माणसाला पंधरा दिवस लहान मुलांपासून लांब ठेवा. लस घेऊनही फ्लू होतो तर उपयोग काय. दरवर्षी घ्यायला लावतात म्हणजे कंपन्यांचा धंदा. आणि शेवटी नेहमीचं ते, लशीत पारा असतो.

मावशीची टेस्ट इन्फ्लुएंझा ए, म्हणजे फ्लूचीच, पॉझिटिव्ह आली, तर आता अर्धे नातेवाईक म्हणतायत, बघा, मेसेज खरा निघाला! हे ऐकल्यावर मला गप्प बसवेना.

आधी तो 'औषध घेऊ नका' वाला मुद्दा, कारण बाकीचे मुद्दे नुसते चुकीचे आहेत, हा जिवावर बेतणारा आहे. लशीने कणकण येते का? येते काहींना. हात दुखतो, बारीक ताप येतो, अंग मोडून आल्यासारखं वाटतं. पण हे त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि एक-दोन दिवसांत ओसरतं. नवव्या दिवशी सुरू झालेला ताप लशीचा नसतो. लस घेतल्यावर अँटिबॉडी तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, तोवर तुम्हाला पुरतं संरक्षण मिळालेलं नसतं. आणि फ्लूचा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला १ ते ४ दिवस लागतात. म्हणजे मावशीला तो लस घेतल्यानंतर पाचव्या ते आठव्या दिवसाच्या मध्ये कधीतरी कुणाच्या तरी खोकल्यातून लागला, तिच्या अँटिबॉडी अजून पुऱ्या व्हायच्या होत्या. लस घेतल्यानंतर फ्लू झाला हे खरं, लशीमुळे झाला हे खोटं, आणि 'नंतर' आणि 'मुळे' हे दोन वेगळे शब्द आहेत. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली म्हणून फांदी कावळ्याने तोडली असं होत नाही.

फ्लूवर ओसेल्टामिविर नावाचं औषध आहे आणि लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर ते सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. मावशी ६८ वर्षांची, डायबिटीस आहे, दमा आहे. तिच्यासारख्या माणसाला ताप आल्या दिवशीच डॉक्टरकडे न्यायला हवं. तिचे ते ४८ तास या मेसेजने खाल्ले. आठवड्यात आपोआप जातो म्हणे! जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार हंगामी फ्लूमुळे श्वसनाचे विकार होऊन जगात दरवर्षी २,९०,००० ते ६,५०,००० माणसं मरतात. २०१८ साली कॅनडातल्या एका अभ्यासात दिसलं की टेस्टने सिद्ध झालेल्या फ्लूनंतरच्या पहिल्या आठवड्यात हार्ट ॲटॅकचं प्रमाण एरवीच्या सहापट होतं. आणि तुम्ही वयस्क माणसांना सांगता पडून राहा.

आता जिवंत विषाणू. दंडावर टोचतात त्या फ्लूच्या लशीत जिवंत विषाणू नसतो. विषाणू वाढवतात, बहुतेक वेळा कोंबडीच्या अंड्यात, मग फॉर्मलडिहाइडसारख्या रसायनाने तो मारतात आणि बहुतेक लशींमध्ये त्याचे तुकडेही करतात. शरीराला ओळख पटवायला त्याच्या पृष्ठभागावरचं हीमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन पुरतं. एका प्रकारच्या लशीत तर नुसतं ते प्रथिन वेगळं बनवून घालतात, तिथे फ्लूचा विषाणू मुळात वापरलेलाच नसतो. मेलेला, तुकडे झालेला विषाणू अंगात वाढू शकत नाही, आणि न वाढता फ्लू होत नाही.

हां, नाकात मारायच्या स्प्रेची जी लस असते तिच्यात जिवंत पण कमजोर केलेला विषाणू असतो, हे मान्य करावं लागेल. तो नाकातल्या थंडाव्यात वाढतो, फुफ्फुसातल्या उष्णतेत त्याला नीट वाढता येत नाही, तसाच तो तयार केलेला असतो. नाक गळू शकतं, फ्लू होत नाही. 'मुलांपासून लांब ठेवा' हे बहुधा इथूनच उचललंय, कारण तो विषाणू थोडे दिवस नाकातून थोडाफार बाहेर पडतो, म्हणून ज्यांची प्रतिकारशक्ती अगदीच ढासळलेली आहे, वेगळ्या खोलीत ठेवावं लागतं अशा पेशंटच्या बाबतीत जपायला सांगतात. एवढ्या अर्ध्या हळकुंडाने हा मेसेज पिवळा झालाय. मावशीला दंडावर टोचलं होतं. त्यातून कुणालाच काही लागू शकत नाही, लशीपायी तिने नातवाला लांब ठेवायचं काही कारण नव्हतं.

आणि कुणी म्हणेल की हे सगळं कागदावरचं, आम्हाला तर लस घेतल्यावर आजारी पडलेले लोक माहीत आहेत. तर नेमकं हेच तपासून झालंय. १९९६ साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला, क्रिस्टिन निकोल या डॉक्टरांचा. ८४९ धडधाकट नोकरदार माणसं घेतली, काहींना खरी लस, काहींना लस नसलेलं इंजेक्शन, कुणाला काय मिळालं हे त्यांना माहीत नाही. मग विचारलं काय काय झालं. ताप आला: लसवाल्यांत ६.२ टक्के, बिनलसवाल्यांत ६.१ टक्के. थकवा: १८.९ आणि १९ टक्के. डोकेदुखी तर बिनलसवाल्यांतच जास्त, १४.४ विरुद्ध १०.८. फरक दिसला तो हात दुखण्यात, ६३.८ विरुद्ध २४.१ टक्के. म्हणजे लस नसलेलं इंजेक्शन घेऊनही जवळपास तेवढ्याच लोकांना ताप आला! कारण माणसं तशीही आजारी पडतच असतात, आणि लस देतात ती बरोबर सर्दीखोकल्याच्या सिझनच्या तोंडावर, जेव्हा बाकीचेही पन्नास विषाणू हवेत असतात. त्यांच्यावर फ्लूची लस चालत नाही, चालेल असं कुणी म्हटलंही नव्हतं.

मग लस घेऊन दोन आठवडे उलटल्यावरही फ्लू होतो का? होतो. इथे मी भांडणार नाही. लस आणि फिरणारा विषाणू चांगले जुळले तर डॉक्टरकडे जावं लागेल अशा फ्लूचा धोका साधारण ४० ते ६० टक्के कमी होतो, शंभर टक्के नाही. नाही जुळले तर वाईट, अमेरिकेत २०१४-१५ च्या सिझनला हा आकडा १९ टक्क्यांवर आला होता. पण 'पेशंटमध्ये लस घेतलेलेच जास्त' असं जे म्हणतात ते गणित फसवं आहे. समजा १०० माणसांत ८० जणांनी लस घेतली, २० जणांनी नाही. न घेतलेल्यांपैकी १० आजारी पडले, घेतलेल्यांपैकी २०. पेशंट मोजले तर लसवाले दुप्पट दिसतात, पण एका गटात निम्मे पडले आणि दुसऱ्यात चौथा हिस्सा.

दरवर्षी का, तर हा विषाणू पृष्ठभाग बदलत राहतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिणेसाठी, लशीत कुठले प्रकार घालायचे ते ठरवते. कंपन्या पैसे कमावतात, अर्थातच कमावतात, त्याने विषाणू बदलायचा थांबत नाही. पारा म्हणजे थायोमर्सल या संयुगातला, तो अनेक डोसच्या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून घालतात, एका डोसच्या सिरिंजमध्ये बहुतेक वेळा नसतोच, आणि बाटलीतला तो अंश शरीरातून लवकर निघून जातो.

ज्यांनी ज्यांनी मेसेज पुढे पाठवला त्यांनी त्याच ग्रुपवर जाऊन निदान ती 'औषध घेऊ नका' वाली ओळ चुकीची आहे एवढं तरी आजच्या आज लिहा. घरात पासष्टीच्या पुढचं, दमा, डायबिटीस, हृदयाचा त्रास असलेलं कुणी असेल आणि लस घेऊन दोन दिवस उलटल्यावर ताप आला, किंवा ताप कधीही येवो पण धाप लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या आणि लस कुठल्या तारखेला घेतली ते सांगा.